टीसीएल टाकूनही शेवटच्या नळाला ओटी निगेटिव्ह का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाला विहिरीवरून 50,000 लिटरच्या उंच टाकीत पाणी चढवलं जातं. पाणीपुरवठा कर्मचारी रोज अंदाजाने दोन-तीन ओंजळी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकीत टाकतो. टाकीजवळच्या घरांची तक्रार आहे की पाण्याला उग्र वास येतो. गावाच्या टोकाच्या वस्तीत मात्र ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते बघायची चाचणी) निगेटिव्ह येते, आणि जुलाबाचे रुग्ण निघाले तेही तिथेच. मग पावडर वाढवायची की कमी करायची? आणि पावडरीची पोती ग्रामपंचायतीच्या गोदामात खत, फवारणीची औषधं आणि जनरेटरच्या डिझेलच्या कॅनशेजारी ठेवली तर चालतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. पोती तिथून आजच हलवा. या पावडरीतलं कॅल्शियम हायपोक्लोराइट हे जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे. डिझेल, ऑइल, ग्रीस, पेंट यांच्याशी संपर्क आला तर ठिणगी नसतानाही ती तापून पेट घेऊ शकते. युरिया, अमोनियम सल्फेट, डीएपी यांच्याशी ओलाव्यात मिसळली तर विषारी क्लोरामाइन तयार होतात, आणि युरियाच्या बाबतीत नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचं स्फोटक संयुगही तयार होऊ शकतं. संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली त्याच फळीवर सांडली तर सरळ क्लोरीन वायू सुटतो. पावसाळ्यात पत्र्यातून गळणाऱ्या गोदामात हे सगळं एकत्र ठेवणं म्हणजे अपघाताची वाट बघणं. पावडरीला वेगळी, कोरडी, अंधारी, हवा खेळती असलेली खोली द्या. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. त्या खोलीत कडबा, रद्दी किंवा रिकामी गोणपाटं काही नको. आणि ती खोली अंगणवाडीची किंवा शाळेची नसावी. जागा रिकामी दिसली म्हणून तिथे पोती लावलेली मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता पाण्याकडे वळू. पावडर वाढवायची की कमी करायची, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो: तुमच्या पावडरीत क्लोरीन उरलाय किती? चांगल्या ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण 33 टक्के असतो. हवेतला ओलावा, कार्बन डायऑक्साइड, ऊन आणि उष्णता यांनी तो रोज थोडा थोडा उडत असतो. तोंड उघडं राहिलेलं पोतं पावसाळ्यात काही आठवड्यांत पार निकामी होऊ शकतं. आपल्याकडे 20 टक्क्यांच्या खालची पावडर पाण्यासाठी अयोग्य धरतात. जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पावडरीचा नमुना तपासून मिळतो. तिथे पावडर पाण्यात घोटून त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक ॲसिड घालतात. क्लोरीन जितका असेल तितकं आयोडीन मोकळं होतं, स्टार्चने ते निळं दिसतं, आणि तो निळा रंग घालवायला सोडियम थायोसल्फेटचं द्रावण किती लागलं यावरून टक्केवारी काढतात. नमुना मात्र हवाबंद डबीत पाठवा. कागदाच्या पुडीत पाठवलेली पावडर वाटेतच अर्धी मेलेली असते आणि मग अहवालावरून भांडणं होतात.

डोळ्यांनाही बरंच कळतं. जिवंत पावडर पांढरी, कोरडी, सुटी असते, आणि पोत्याचं तोंड उघडताच नाकाला झोंबते. मेलेली पावडर ओलसर, गठ्ठे झालेली, चुन्यासारखी लिबलिबीत असते आणि तिला वास जवळजवळ नसतो. तरीही वासावर भरवसा ठेवून डोस ठरवू नका.

हिशोब अवघड नाही. 33 टक्क्यांची पावडर 1,000 लिटरला 5 ग्रॅम टाकली, तर पाण्यात लिटरमागे सुमारे 1.6 मिलिग्रॅम क्लोरीन जातो. तुमच्या 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. हीच पावडर 20 टक्क्यांवर आलेली असेल तर तेवढाच क्लोरीन द्यायला 400 ग्रॅमच्या वर लागेल. म्हणजे पोतं तेच, कर्मचारी तोच, ओंजळ तीच, आणि पाण्यात गेलेला क्लोरीन मात्र चाळीस टक्क्यांनी कमी. किराणा दुकानात मिळतो तसला छोटा वजनकाटा घ्या, एकदा 250 ग्रॅम मोजून प्लास्टिकच्या मगावर खूण करा, आणि नवं पोतं फोडलं की पुन्हा मोजा. पावडरीचा हलकेपणा पोत्यागणिक बदलतो.

विहिरीतच शुद्धीकरण करणाऱ्यांसाठी: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14, भागिले 4, म्हणजे घनमीटर मिळतात, आणि त्याला 1,000 ने गुणलं की लिटर. 5 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर ते 78,500 लिटर झालं. उन्हाळ्यात पाणी 1 मीटरवर येतं तेव्हा ते 20,000 लिटरच्याही खाली जातं, आणि तरी वर्षभर डोस तोच चालू असतो. खोली दर आठवड्याला दोरी सोडून बघा.

किती क्लोरीन लागेल हे पाणीच सांगतं, आपण नाही. त्यासाठी हॉरॉक्स पेटी आहे. सहा पांढरे पेले, एक काळा पेला, 2 ग्रॅमचा चमचा आणि स्टार्च-आयोडाइडचं निर्देशक द्रावण. काळ्या पेल्यात पावडरीचं द्रावण करायचं, पांढऱ्या पेल्यांत तपासायचं पाणी घेऊन त्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन असे वाढते थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं आणि मग निर्देशक घालायचा. पहिला निळा पेला जितक्या नंबरचा, तितके चमचे पावडर 455 लिटरला लागते. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ झालं की हाच आकडा झपकन वर जातो. ही पेटी बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कपाटात धूळ खात पडलेली असते. आरोग्य सहायकांकडून मागून घ्या आणि वापरा.

पावडर टाकीत थेट भिरकावणं मात्र बंद करा. या पावडरीत बराच चुना असतो आणि तो विरघळत नाही. तो टाकीच्या तळाशी साचतो, आउटलेटमधून नळाला पांढरट पाणी जातं, लोक घाबरतात, आणि चुन्याच्या गठ्ठ्यात अडकलेला क्लोरीन पाण्यात पसरतच नाही. रीत अशी: प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको. एका बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका. थोडं पाणी घालून लाकडी काठीने पातळ लापशी करा, एकही गठ्ठा राहू देऊ नका. मग पाऊण बादली भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं हलवू नका. चुना खाली बसतो, वर किंचित हिरवट-पिवळसर झाक असलेली निवळी राहते. क्लोरीन त्या निवळीत आहे. ती दुसऱ्या बादलीत अलगद ओतून घ्या, खालचा गाळ विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा. टाकी साधारण एक तृतीयांश भरली की, पंप चालू असतानाच, इनलेटच्या धारेखाली निवळी ओता. पडणारं पाणीच ती सगळीकडे मिसळतं.

एक फरक ध्यानात ठेवा. 65-70 टक्क्यांचं दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट मिळतं, ते साध्या टीसीएलच्या दुप्पट तेज असतं. त्याची लापशी करायची नाही. आधी बादलीभर पाणी, मग त्यात थोडे थोडे दाणे. उलट केलं तर ते तापतं, उसळतं आणि तोंडावर उडतं.

आता वेळ. निम्म्या गावांची चूक इथे आहे: पावडर टाकली आणि व्हॉल्व सोडला. क्लोरीनला जंतू मारायला किमान अर्धा तास लागतो, एक तास दिला तर उत्तम. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतो, हायपोक्लोरस ॲसिड आणि हायपोक्लोराइट. खरं काम पहिलं करतं, दुसऱ्याच्या कितीतरी पट जोमाने. पाण्याचा सामू (पीएच) 7.5 असेल तर दोन्ही साधारण निम्मे-निम्मे असतात. सामू 8.5 वर गेला की पहिलं दहा टक्क्यांच्या आसपासच उरतं. आपल्याकडच्या बसाल्ट खडकातल्या विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याचदा अल्कधर्मी असतं, म्हणून घाई परवडत नाही. रात्री वीज असताना टाकी भरत असाल तर रात्रीच निवळी घाला आणि पहाटे पाणी सोडा. तो वेळ फुकट मिळतो.

वासाबद्दल लोकांचा समज असा की वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला. पुष्कळदा उलट असतं. पाण्यात अमोनिया असेल, म्हणजे सांडपाणी, शेणखत किंवा युरिया झिरपत असेल, तर क्लोरीन आधी त्याच्याशी जोडला जातो आणि क्लोरामाइन तयार होतात. तो उग्र, डोळ्यांना चुरचुरणारा वास बहुधा त्यांचा असतो. क्लोरीन वाढवत गेलं की शिल्लक आधी वाढते, मग घटते, आणि एका टप्प्यानंतर पुन्हा वाढू लागते. त्या टप्प्याच्या पुढचा क्लोरीन हा मोकळा क्लोरीन, आणि आपल्याला तोच हवा. अमोनियातला नायट्रोजन 1 मिलिग्रॅम असेल तर त्याला पुरून उरायला आठ-दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. म्हणून वास येतो म्हणून पावडर कमी करणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट ठरू शकते. आणि नुसती वाढवत राहणं हाही उपाय नाही. विहिरीत घाण कुठून येतेय ते शोधावं लागेल.

हे ओळखायला ओटीच कामी येते, नीट पाहिली तर. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा. हळूहळू गडद होत जातो तो जोडलेल्या क्लोरीनचा. थेंब टाकून बाटली बाजूला ठेवायची आणि रजिस्टर भरून झाल्यावर रंग बघायचा, ही सवय मोडा. रंग नारिंगी-तांबूस झाला तर क्लोरीन फारच जास्त आहे. पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तर ओटी फसवते आणि क्लोरीन नसतानाही पिवळसर दिसते. शिवाय ऑर्थोटोलिडीन हे रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. ते हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी परत टाकीत किंवा माठात ओतू नका. शक्य असेल तिथे डीपीडी गोळीची टेस्ट घ्या. तिचा रंग गुलाबी येतो आणि मोकळा क्लोरीन वेगळा मोजता येतो.

भारतीय मानकाप्रमाणे शेवटच्या नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन हवा, आणि विषाणूंची भीती असेल तेव्हा 0.5. कावीळ-जुलाबाची साथ चालू असताना 0.5 च्या खाली समाधान मानू नका. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा हाच साधा आकडा पुन्हा चर्चेत आला. मोठं शहर असो की वाडी, नळाला शिल्लक क्लोरीन नसेल तर वाटेत मिसळलेल्या जंतूंना अडवायला पाण्यात काहीच उरलेलं नसतं.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे येतो. टाकीजवळ क्लोरीन आहे, टोकाला नाही. माझ्या मते तुमचा रोग डोसमध्ये कमी आणि पाइपमध्ये जास्त आहे. पाणी सुटल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ओटीची बाटली आणि क्लोरोस्कोप (ओटीचा रंग ताडून क्लोरीनचा आकडा वाचायचं साधन) घेऊन टाकीच्या आउटलेटपासून निघा. प्रत्येक फाट्यानंतरच्या नळाला मिनिट-दोन मिनिटं पाणी वाहू देऊन तपासा आणि आकडा गावाच्या नकाशावर लिहा. रंग हळूहळू फिका होत गेला तर पाइप जुने आहेत, आत गाळ आहे, डोस थोडा वाढवून आणि लाइन धुऊन काम होईल. रंग दोन नळांच्या मध्ये एकदम नाहीसा झाला तर तिथे गळती आहे. एका गावात तीस-पस्तीस पावलांवरच्या दोन नळांत हा फरक सापडला. मध्ये होता व्हॉल्वचा खड्डा, शेजारच्या गटाराच्या पाण्याने काठोकाठ भरलेला, आणि व्हॉल्वचं पॅकिंग गेलेलं. पाणी चालू असतं तेव्हा दाब आतून बाहेर असतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि खड्ड्यातली घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर ती टोकाच्या वस्तीत पोचते. अशा ठिकाणी वर पोतंभर टीसीएल ओतलं तरी टाकीजवळचे लोक वैतागतील आणि टोकाचे आजारीच राहतील. आधी खड्डा उपसा, पॅकिंग बदला, गटाराची वाट वळवा.

क्लोरीनच्या मर्यादाही जाणून घ्या. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड वाचतात, म्हणून आधी तुरटीने पाणी निवळवा, मग टीसीएल. दोन्ही एकाच बादलीत कालवू नका: तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं आणि क्लोरीन हवेत सुटतो. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी नेहमीच्या डोसला दाद देत नाहीत. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार यांवर क्लोरीनचा काही परिणाम नाही. क्लोरीनने कर्करोग होतो का, असंही लोक विचारतात. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगं बनतात हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे की अपुऱ्या निर्जंतुकीकरणाच्या धोक्यापुढे हा धोका फार लहान आहे. पाण्यातला पालापाचोळा आणि शेवाळ काढणं हा त्यावरचा योग्य उपाय.

टोकाच्या वस्तीत खाजगी आड असेल तर नागपूरच्या नीरी संस्थेची दोन मडक्यांची पद्धत चांगली आहे. 1 किलो पावडर आणि 2 किलो जाड वाळू ओलसर करून आतल्या मडक्यात भरायची, दोन्ही मडक्यांना साधारण 1 सेंटिमीटरचं भोक, आतल्याला वर आणि बाहेरच्याला तळाजवळ. तोंड प्लास्टिकने बांधून पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडायचं. साडेचार हजार लिटरच्या छोट्या आडाला ते दोन-तीन आठवडे पुरतं. नुसती फडक्याची पुरचुंडी सोडली तर तिच्याभोवती चुन्याची कडक साल धरते आणि दोन दिवसांत काम थांबतं.

हाताळणाऱ्या माणसाकडे गावाचं लक्ष नसतं, ते द्या. रबरी हातमोजे, बाजूने बंद गॉगल, तोंडाला मास्क, आणि वारा पाठीमागून घ्यायचा. हे ग्रामपंचायतीने विकत घेऊन द्यायचं आहे. त्याने उघड्या हाताने पावडर कालवून बोटांची सालं काढून घ्यायची नाहीत. डोळ्यात कण गेला तर लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि दवाखान्यात न्या. लिंबू, दूध, तूप काही घालू नका. पोटात गेली तर उलटी करवू नका. वायू छातीत गेला तर माणसाला मोकळ्या हवेत न्या, आणि त्याला बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण फुप्फुसांना सूज काही तासांनीही येते. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो खड्ड्यात, बंद टाकीत, जमिनीलगत साचतो. म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि उंचावर. टाकी धुवायला उतरताना आधी झाकण उघडं ठेवून हवा खेळू द्या, आणि वर एक माणूस दोर धरून उभा असल्याशिवाय कुणाला उतरवू नका.

पावडर सांडली तर कोरड्या प्लास्टिकच्या सुपलीने उचला. लाकडाचा भुसा टाकू नका, तो पेटू शकतो. आग लागलीच तर भरपूर पाणी मारा. कार्यालयात लटकवलेलं ड्राय पावडरचं लाल नळकांडं त्यावर वापरू नका, त्यात अमोनियमचा क्षार असतो.

काही जण पावडरीऐवजी द्रव हायपो घेतात. सोडियम हायपोक्लोराइट 10-12 टक्क्यांचं येतं, गाळाची कटकट नाही, पण उन्हात त्याचा जोर पावडरीपेक्षाही लवकर उतरतो आणि कॅन फुगतो. एका वेळी महिनाभर पुरेल एवढंच घ्या, सावलीत ठेवा. फरशी, उलटी-जुलाबाची जागा धुवायला 1 टक्क्याचं द्रावण लागतं. 10 टक्क्यांच्या हायपोत नऊ पट पाणी घाला, किंवा लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम चांगल्या पावडरीची निवळी करा. माणसांच्या अंगावर ते कधीही फवारायचं नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तशी सूचनाच काढली होती, तरी जत्रा-यात्रांत अजून कुणाला तरी हा मोह होतो.

आता क्रम असा ठेवा: आज पोती हलवा, उद्या पावडरीचा नमुना पाठवा, त्याच दिवशी मोजून 250 ग्रॅमची निवळी करून अर्धा तास थांबा आणि पाणी सोडा. मग ओटी घेऊन गाव फिरा. टोकाच्या वस्तीला तोवर पाणी उकळून प्यायला सांगा. पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: पावडरीची टक्केवारी, टाकीच्या आउटलेटचा आकडा, आणि रंग कोणत्या दोन नळांच्या मध्ये गेला.